किंदळाच्या वळणावरची शिकार

आमच्या घराण्यात मोटार पहिल्यांदा हाकली ती माझ्या येसूआत्याने, आणि तीही तेलाचा थेंब न घालता. एवढं म्हटलं की माझे चुलतभाऊ पुढे सरसावतात आणि स्वतःच गोष्ट सांगायला लागतात. ते सांगतात ती गोष्ट खोटी. त्यांच्या गोष्टीत वाघ येतो, गोरा साहेब येतो, आणि गेल्या दिवाळीला तर त्यात हत्तीही आला. वाघ नव्हता, साहेब नव्हता. माझी आई सुंदरी त्या दिवशी आत्याच्या बैलगाडीत बसलेली होती. तिने मला सांगितलं तेवढंच मी लिहितो आहे. ज्यांना हत्ती हवा असेल त्यांनी चुलतभावांकडे जावं.

येसूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आम्ही कुणबी, नंदिगड्ड्याच्या अलीकडे रानात आमची वाडी. आत्याचा नवरा परशू गाडीवान होता. वाडीची शिकेकाई, चटया, थंडीत खणून काढलेले कणगरांचे कंद, सगळं तो बैलगाडीत भरून सुप्याच्या बाजाराला नेई. तो हिवतापाने गेला आणि आत्या माहेरी आली, बरोबर गाडी आणि पवळ्या-सर्जा ही बैलजोडी घेऊन. मूळची ती भारी हसरी बाई. ती हसली की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकत, असं आई म्हणे. परशू गेल्यावर ते हसणं बंदच झालं. चुलीपाशी बसायची, विचारलं तेवढं बोलायची, बाकी वेळ जाळाकडे बघत राहायची.

गोठ्यात बैल नुसते उभे. परशूशिवाय दुसऱ्या कुणाला ते जवळ येऊ देईनात. एक दिवस सकाळी आत्या उठली, बैलांच्या मानेवर जू ठेवलं आणि कासरा हातात घेतला. बैल गुमान चालू लागले. वाडीच्या टोकापर्यंत जाऊन ती परत आली तेव्हा मोठमोठ्याने हसत होती, आणि आई दारात उभी राहून डोळे पुसत होती.

पण बाईमाणसाने गाडी हाकायची म्हणजे कान्हू बुधवंताला विचारायला हवं. बुधवंत म्हणजे आमच्या वाड्यांचा मुख्य पंच. देवापुढे गाऱ्हाणं घालणार तो, भांडणं तोडणार तो, आणि शिकारीला म्होरक्याही तोच. कान्हू बुधवंत म्हातारा, हट्टी आणि सुतासारखा सरळ माणूस होता. त्याला ही गाडीची गोष्ट मुळीच पटली नव्हती. पण बैल दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत हेही त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"हाक बाये," तो शेवटी म्हणाला. "पर माझा शब्द ऐकून ठेव. एक डाव जरी गाडी आडवी झाली, तर कासरा नागूच्या हातात."

नागू म्हणजे माझे वडील. बैलांना ते इतके घाबरत की गोठ्यात शिरण्याआधी बाहेर उभं राहून खोकत. तेव्हा आत्याची गाडी आडवी होऊ नये म्हणून देवाला सगळ्यात जास्त नारळ कुणी फोडले असतील, तर ते माझ्या वडिलांनी. बुधवंत मात्र आपल्या मतावर ठाम राहिला. बाजारच्या दिवशी आत्याची गाडी रिकामी असली तरी तो तिच्या मागून डोक्यावर गाठोडं घेऊन पायी चाले, पण गाडीत बसत नसे.

"आबा, बसा की," आत्या म्हणे.

"माझं पाय धड हायत," बुधवंत म्हणे.

अशी वर्षं गेली. साल बत्तीस असेल, नाहीतर तेहतीस. कापण्या संपून कणगरं निघाली होती. आत्याने गाडी गळ्यापर्यंत भरली, वर आई बसली, आणि दोघी सुप्याच्या वाटेला लागल्या. वाट म्हणजे जंगलखात्याने केलेला लाल मातीचा रस्ता. वाडीपासून हाकेच्या अंतरावर एक जुनं किंदळाचं झाड होतं आणि तिथे रस्ता एकदम वळायचा. पलीकडून कोण येतंय ते दिसायचं नाही. म्हणून आत्या त्या वळणावर बैल डाव्या दरडीला अगदी चिकटवून घेई आणि "हो राजा, हो राजा" असं ओरडत जाई. त्या दिवशीही ती तशीच चालली होती.

समोरून मोटार आली. लाकडाचे कंत्राटदार रामचंद्रशेट अधूनमधून रानातल्या आपल्या अड्ड्यावर जात. वर कापडी टप, पुढे पितळी भोंगा आणि त्याला रबरी फुगा, अशी त्यांची मोटार सगळ्या वाड्यांना ठाऊक होती. चालवायला हुबळीचा वीरभद्र, झुबकेदार मिशांचा गडी. मोटार वळणावर आली ती भोंगा न वाजवता, रस्ता कापून, सरळ आत्याच्या बाजूला.

वीरभद्राने चाक फिरवलं, पण उशीर झाला होता. मोटार गाडीच्या उजव्या चाकाला धडकली, कणा काडकन मोडला आणि गाडी आडवी झाली. जुपण्या तुटून बैल सुटे झाले. आई कणगरांसकट रस्त्यावर आली. मोटार तशीच घसरत जाऊन चरात रुतली आणि तिच्या नाकातून वाफ निघायला लागली.

आत्या उठली ती थेट बैलांकडे धावली. पवळ्याचे पाय चाचपले, सर्जाची मान पाहिली, दोघांच्या कानात काहीतरी बोलली, आणि मग आईकडे आली. आधी बैल, मग भावजय! हे आईने तिला जन्मभर विसरू दिलं नाही. आत्याचं उत्तरही ठरलेलं असे: "तू वरडूलालीस, म्हंजे तू जिती हाईस हे मला कळालं. बैल गप्प हुते." मी पुढे याचा पुष्कळ विचार केला, आणि आत्याचंच बरोबर होतं. अपघातात ओरडणाऱ्याकडे जग धावतं, गप्प असणाऱ्याकडे कुणी बघत नाही.

आईचं कोपर तेवढं सोललं होतं. मग आत्याने वीरभद्राकडे पाहिलं. त्याचा ओठ फुटला होता. तिने पाण्याचा भोपळा त्याच्या हातात दिला, कनवटीची हळद काढून त्याच्या ओठाला लावली, आणि हे करताना त्याला यथेच्छ शिव्या दिल्या. त्या शिव्या आईने मला सांगितल्या नाहीत. वीरभद्र मान खाली घालून मुकाट्याने पाणी प्याला.

रामचंद्रशेट खाली उतरले, टोपी झटकली. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस आधी दुसऱ्यावर ढकलतो.

"बाईमाणसानं गाडी हाकल्यावर हेच व्हायचं," ते म्हणाले. "बरं, झालं ते झालं. ती गाडी बाजूला ओढा. वीरभद्रा, मोटार मागं घे."

आई म्हणे, आत्याचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. कारण हेच वाक्य संध्याकाळपर्यंत वाडीत सगळे बोलणार होते. गाडी आडवी झाली होती. बुधवंताचा शब्द होता. कासरा गेला की ती परत त्या चुलीपाशी बसणार होती, जाळाकडे बघत. 

आत्या मात्र मोटारीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "जागचं कायबी हलवायचं न्हाई. बुधवंत बघंल, मग हलवायचं."

आमच्याकडे शिकारीत असंच असतं. डुकराला घाव लागला आणि ते पळालं, की त्याचा माग कुणी तुडवायचा नाही. मागावर हिरव्या डहाळ्या पसरायच्या आणि तिथेच थांबायचं. बुधवंत येतो, डहाळ्या उचलतो, माग वाचतो, आणि घाव कुणाचा ते सांगतो. आत्याने किंदळाच्या, करवंदीच्या, हाताला येतील त्या डहाळ्या मोडल्या आणि आपल्या चाकांच्या चाकोरीवर, मोटारीच्या रुंद पट्ट्यांवर अंथरत गेली. आईनेही पदर खोचला. शेट आणि वीरभद्र बघतच राहिले. मोटारीची अशी पूजा त्यांनी कधी पाहिली नव्हती.

मग आत्याने तोंडाशी हात धरले आणि हाक घातली. डुकराला घाव लागला की घालतात ती, दऱ्याखोऱ्यांतून घुमत जाणारी लांब हाक.

"आक्का!" आई ओरडली. "ही डुकराची हाक!"

"मग? मोटारीची हाक हाय का आपल्यात?"

 तोवर हाक आमच्या आणि पलीकडच्या वाडीत पोचली होती.

ती हाक ऐकली की कुणब्याचा हात घासावर थांबत नाही. दोन्ही वाड्या रिकाम्या झाल्या. भाले आले, कोयते आले, दोन ठासणीच्या बंदुका आल्या, कुत्री आली, एकाने ढोल आणला. बायका मीठ-मिरची आणि पातेली घेऊन निघाल्या, कारण डुक्कर पडलं म्हणजे वाटा आलाच. माझे वडीलही निघाले, अर्थातच सगळ्यात शेवटी. रामचंद्रशेटांनी वळणावरून भाले येताना पाहिले आणि ते मोटारीच्या मागच्या बैठकीवर चढून उभे राहिले. "वीरभद्रा, मोटार चालू कर!" ते ओरडले. मोटार वाफ सोडण्यापलीकडे काही करत नव्हती.

सगळ्यांच्या पुढे कान्हू बुधवंत, धापा टाकत. "डुक्कर कुठं हाय?"

आत्याने मोटारीकडे बोट केलं. "ह्यो बघा."

बुधवंताने मोटार खालून वर पाहिली. मग आडवी गाडी पाहिली. मग डहाळ्या. त्याला सगळं कळलं, आणि त्याने भाल्यावरची पकड सैल केली. कुत्र्यांनी मात्र मोटारीच्या चाकांचा वास घेतला आणि आपलं मत तिथेच सोडलं.

"आबा, शिकारीच्या रीतीनं बघा," आत्या म्हणाली. "रीतीला जे दिसंल ते मला कबूल."

बुधवंताने भाला झाडाला टेकवला आणि खाली बसला. एकेक डहाळी उचलायची, बघायचं, पुढे सरकायचं. वळणापर्यंत गेला, वळणापलीकडे गेला, परत आला.  आईचं सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडे. आत्याने गाडी हाकू नये असं मनापासून वाटणारा वाडीतला पहिला माणूस हाच, आणि न्यायही त्याच्याच हातात. एक वाकडा शब्द बोलला असता तर विचारणारं कोण होतं?

तो उठला. गुडघ्यांची माती झाडली.

"येसूची चाकोरी दरडीला लागून हाय. पार खालपातुर. तिनं वाट सोडल्याली न्हाई," तो म्हणाला. "मोटार तिच्या अंगावर आल्याली हाय. माग खोटं बोलत न्हाई, मीबी बोलणार न्हाई." मग तो वीरभद्राकडे वळला. "भोंगा वाजवलास?"

वीरभद्राने शेटकडे पाहिलं. शेटनी झाडांकडे पाहिलं. वीरभद्राने फुटका ओठ चाटला, त्यावर हळद होती. "इल्ला," तो म्हणाला. नाही. आणि आत्याकडे बघून पुढे म्हणाला, "तप्पु नंदे, अव्वा." चूक माझीच, आई.

माझी आई म्हणायची, त्या एका शब्दासाठी मी त्या मिशीवाल्याला सगळं माफ केलं.

शेट खाली उतरले. टोपी हातात घेतली. "मघाशी बोललो ते चुकलं माझं," ते आत्याला म्हणाले, आणि बुधवंताला म्हणाले, "अड्ड्यावर माझे सुतार आहेत. जांब्याच्या लाकडाचा नवा कणा घालून गाडी होती तशी करून देतो. आजच."

ढोलवाल्याने ढोलावर थाप मारली. पण बुधवंताने हात वर केला.

"थांबा. माझाबी एक शब्द हाय. गाडी आडवी झाली तर कासरा नागूकडं. आणि गाडी आडवी झाली हाय."

 माझे वडील एका बंदुकीवाल्याच्या मागे सरकले. आत्याने बुधवंताकडे पाहिलं. आई म्हणे, ती भांडेल असं वाटलं होतं, पण ती भांडली नाही. रीतीला दिसेल ते कबूल, असं तीच म्हणाली होती. हातातला कासरा तिने गुंडाळला आणि बुधवंताच्या पायांशी मातीत ठेवला.  पवळ्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

बुधवंताने कासऱ्याकडे पाहिलं. मग त्याने जमलेल्या गड्यांना विचारलं, "डुकरानं एखाद्या गड्याला पाडलं, तर त्येचा भाला आपून काढून घेतो काय?"

"न्हाई," गडी म्हणाले.

"मग काय करतो?"

 सगळ्यांना ठाऊक होतं, पण शिकारीतलं गाडीला लावायचं कसं? बोलले ते माझे वडील, बंदुकीवाल्याच्या मागून. आयुष्यात चारचौघांत ते एवढंच मोठ्याने बोलले असतील: "बुधवंतानं सोताच्या हातानं उचलून द्यायचा त्येला!"

"व्हय," बुधवंत म्हणाला. तो वाकला, कासरा उचलला, त्याची माती झटकली आणि आत्याच्या हातात ठेवला. "धर, येसू. तू पडली न्हाईस. तुला पाडलं."

आत्या हसली. रडतही होती, पण हसणं मोठं होतं. आणि पलीकडच्या वाडीतली कुत्री काय भुंकायची, ती तर सगळी तिथेच होती. ती सगळी एकदम भुंकायला लागली.

आता राहिला वाटा. हाकेला आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत धाडायचं नाही, हीही रीतच. रस्त्यावर कणगरं पसरली होती. बायकांनी जाळ केला, कणगरं निखाऱ्यात लोटली, मीठ-मिरची वाटली. रामचंद्रशेट दगडावर बसून बोटं भाजत, फुंकर घालत खाऊ लागले आणि आणखी मागू लागले. वीरभद्राला मिरची ओठाला झोंबली, त्यावरून बायका हसल्या, तोही हसला. कुत्र्यांनासुद्धा वाटा मिळाला.

"आणि मुंडकं?" कुणीतरी म्हणालं.

शिकारीचं मुंडकं मानकऱ्याचं असतं. आज मानकरी आत्या, यावर दुमत नव्हतं. पण मोटारीचं मुंडकं कुठलं? कुणी दिवा म्हणालं, कुणी वाफ येत होती ते नाक म्हणालं. यावर चांगलाच वाद झाला, आणि शेट जरा धास्तावले. अखेर बुधवंत मोटारीभोवती फिरला आणि भोंग्यापाशी थांबला. धडकेने तो निम्मा निखळून लोंबत होता.

"वाजवायचा न्हाई तर ठेवायचा कशाला?" तो म्हणाला.

शेट पोट धरून हसले. त्यांनी आपल्या हाताने भोंगा सोडवून आत्याला दिला. आत्याने फुगा दाबला. पों! सर्जाने कान टवकारले. आत्याने परत दाबला.

मोटार चरातून काढायची होती. गड्यांनी खांदे लावले, दोर बांधले, जू अडकवलं. पण अड्ड्यापर्यंत तिला ओढून न्यायचं तर बैल हवेत, आणि बैल एकाच माणसाचं ऐकणारे. तेव्हा वीरभद्र चाक धरून आत बसला, शेट मागे बसले, आणि माझी येसूआत्या मोटारीच्या नाकावर घोंगडं टाकून त्यावर ठाण मांडून बसली, एका हातात कासरा, दुसऱ्यात भोंगा. पुढे ढोल, मागे भाले. आई म्हणे, अशी वरात तिच्या स्वतःच्या लग्नातही निघाली नव्हती. म्हणून मी म्हणतो, आमच्यात मोटार पहिल्यांदा हाकली ती आत्याने.

शेटनी शब्द पाळला. जांब्याचा कणा असा बसला की गाडी पहिल्यापेक्षा गुळगुळीत धावायला लागली. भोंगा आत्याने गाडीच्या साटीला काथ्याने घट्ट बांधला.

पुढच्या बाजाराला ती निघाली तेव्हा वाडीच्या तोंडाशी कान्हू बुधवंत गाठोडं घेऊन उभा होता. आत्याने बैल थांबवले, पण काही विचारलं नाही. तो चाकापाशी आला, कणा हाताने चाचपून पाहिला, आणि मग आपणहून गाडीत चढून बसला.

"पाय धड हायत न्हवं, आबा?" आत्या म्हणाली.

"गप हाक," बुधवंत म्हणाला.

किंदळाचं वळण जवळ आलं. आत्याने बैल दरडीला घेतले. तिचे दोन्ही हात कासऱ्यावर होते.

"आबा, माझं हात अडकल्यात. वाजवा की."

बुधवंताने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रानात कुणी नव्हतं. त्याने फुग्यावर हात ठेवला आणि दाबला. पों! वळण मागे पडलं, रस्ता सरळ झाला, समोर दूरपर्यंत कुणी दिसत नव्हतं. बुधवंताने परत दाबला. मग सुपं येईपर्यंत त्याने हात काढलाच नाही, आणि आत्या सगळ्या वाटेने हसत होती.